बावीस किरकोळ बदल

विनोद आणखी थोडा खुलावा एवढ्यासाठीच ती तारीख शोधत होती. दुपारी तीनच्या बैठकीची सगळी पानं तयार होती. फक्त अकराव्या पानावर, जिथे 'जुन्या खोडी' असा मथळा होता आणि त्याखाली मास्तरांच्या त्या प्रसिद्ध बावीस ओळी, तिथे एखादी नेमकी तारीख टाकली तर हशा जास्त पिकेल असं तिला सकाळी दात घासताना सुचलं होतं. मास्तर स्वतः यायचे होते. सहा वर्षांपूर्वी याच ऑफिसातून निवृत्त झालेल्या माणसाला सॉफ्टवेअरच्या जुन्या रचनेच्या निरोपाला बोलवायचं, ही कल्पना विभाग सांभाळणाऱ्या मोठ्या बाईंची. मास्तरांनीही म्हणे फोनवर, काही काम नाहीच, येतो, असं लगेच सांगून टाकलं होतं. ऑफिसात अजून फारसं कोणी आलं नव्हतं. एसीचा पहिल्या अर्ध्या तासाचा थंड, बंद वास येत होता. ती फाइलींच्या जुन्या संग्रहात शिरली, जिकडे आता कोणी फिरकत नसे, वॉर्ड मॉड्यूलच्या फाइलचा इतिहास मागितला आणि कॉम्प्युटरनं निमूटपणे तारीख काढून दिली. ती तारीख तिला माहीत होती. चौदा वर्षांपूर्वीची ती तारीख तिला इतकी पाठ होती, की क्षणभर तिला वाटलं, आपल्याच हातून ती तिथे टाइप झाली. तिनं माउसवरून हात काढला आणि मांडीवर ठेवला.

त्या बावीस ओळींवरून तिनं चौदा वर्षं मास्तरांना नावं ठेवली होती, मनातल्या मनात आणि पुष्कळदा उघड. रुग्णालयांसाठी लिहिलेलं ते सॉफ्टवेअर म्हणजे चौसष्ट मॉड्यूलचं खटलं. नोंदणी, वॉर्ड, औषधं, प्रयोगशाळा, रक्तपेढी, आहार, सगळ्यांचा संसार वेगळा, पण रोज संध्याकाळी पाच वाजता बिल्डचं मशीन सगळ्यांना एकत्र बांधायला घेई. कोण कोणावर अवलंबून आहे हे ते आधी बघायचं आणि ज्याला कोणाचीच गरज नाही त्याला पहिलं उभं करायचं. म्हणून यादीत 'मापे' नेहमी पहिलं: ग्रॅम, मिलिग्रॅम, थेंब, मिनिटं. त्याच्यामागून बाकीचे आपापल्या गरजेप्रमाणे. आणि सगळ्यांच्या डोक्यावर एक पॅरेंट फाइल. कुठलं व्हर्जन वापरायचं ते तिच्यात एकदाच लिहायचं, मुलांनी आपलं आपण लिहायचं नाही, हा पहिला धडा. एखाद्या मुलानं लिहिलंच, तर मशीन वरच्याला विचारत नाही, मुलाचं ऐकतं. मास्तरांनी, ज्यांनी तिला हा धडा शिकवला, त्याच मास्तरांनी बावीस मुलांच्या फाइलींत 'मापे'चं व्हर्जन स्वतःच्या हातानं लिहून ठेवलं होतं. मग 'मापे' बदललं की वर एकदा बदला आणि खाली बावीस ठिकाणी बदला. एक जरी राहिलं तरी ते मॉड्यूल जुन्याच मापानं मोजत बसे. वर्षातून दोनदा ती बावीस फाइली उघडायची आणि मास्तरांचा उद्धार करत त्या बंद करायची. ओळी काढून टाकू म्हटलं की वरून उत्तर ठरलेलं, चालतंय ना, मग हात कशाला लावता. आता नवी रचना येणार होती, चौसष्टाची चाळीस मॉड्यूल होणार होती आणि हात लावायची परवानगी कधी नव्हे ती मिळाली होती. मास्तरांच्या निरोप समारंभात तिनं या ओळींवरून भाषणही ठोकलं होतं. बावीस पोरं आणि प्रत्येकाच्या मनगटावर वेगळं घड्याळ, असं काहीसं. सगळे पोट धरून हसले होते आणि मास्तरही रुमालानं डोळे टिपत हसले होते.

तिनं त्या अख्ख्या दिवसाचा इतिहास मागितला आणि पुन्हा पडद्याकडे पाहिलं. आता नुसती तारीख नव्हे, सगळा दिवसच ओळीनं उभा होता. सकाळी अकरा चाळीसला तिचं स्वतःचं नाव. पॅरेंट फाइलमध्ये 'मापे' तीनवरून चार. शेजारी तिनं लिहिलेलं कारण: 'नवं व्हर्जन. चाचणी घेतली.' त्यानंतर दुपारी दोनपासून मास्तरांचं नाव, मग पुन्हा मास्तरांचं, दर आठ-नऊ मिनिटांनी एकेक. वॉर्डमध्ये व्हर्जन तीन. औषधांत तीन. रक्तपेढीत तीन. प्रत्येकाच्या शेजारी कारणाच्या जागी एकच शब्द, 'किरकोळ'. बावीस फाइली, सगळीकडे किरकोळ. हे वाचायला आता तिला कोणाच्या मदतीची गरज नव्हती, एकोणीस वर्षं ती हेच वाचत आली होती. 'मापे'च्या चौथ्या व्हर्जनमध्ये आकड्याबरोबर एककही सांगावं लागत होतं. जी मॉड्यूल नुसता आकडा सांगत ती सगळी मास्तरांनी चालवून बघताच एका झटक्यात आडवी झाली असणार, आणि मुलाच्या फाइलीत तीन लिहिलं की ते मॉड्यूल वरचा चार न ऐकता पुन्हा उभं राहणार. तिनं पाच मॉड्यूल चालवून बघितली होती, चौसष्ट नव्हेत. सहाव्याला हात घालणार तेवढ्यात फोन आला होता.

फोन भावाचा होता. बाबांना दाखल केलंय, जमलं तर लगेच ये. जमलं तर, असं म्हणण्याची त्याची सवयच आहे. तिनं उभ्या उभ्या 'चाचणी घेतली' असं टाइप केलं, कारण अर्धवट काम टेबलावर सोडून जायचं नाही अशी तिची शिस्त, आणि पर्स उचलून ती जिन्यानं खाली धावली. लिफ्टची वाट पाहिली नाही हे तिला अजून आठवतं, कारण बाबांचा सगळा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला होता आणि घाईच्या वेळी लिफ्टवर विसंबू नये हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. वॉर्डात पोचली तेव्हा ते जागे होते आणि नखांवर वैतागले होते. इतकी वाढलीत, चादरीत अडकतात, हे काय चाललंय. शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या बायकोनं आपल्या पिशवीतून नेलकटर काढून दिलं. तिनं त्यांचा डावा हात मांडीवर घेतला. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, तरी अंगठ्याच्या नखाखाली ग्रीसची काळी रेघ होतीच, ती बहुधा आता आतूनच येत असावी. ती सावकाश एकेक नख कापत होती आणि खाली पडलेली नखं कागदावर गोळा करत होती. खिडकीतून ऊन येत होतं, कुठे जायचं नव्हतं, कोणाचा फोन येत नव्हता.

"तुझं काम म्हणजे नेमकं काय गं?" बाबांनी विचारलं होतं. "लोक विचारतात, मी आपलं कॉम्प्युटर म्हणून सोडून देतो."

आणि नोकरीच्या पाच वर्षांत पहिल्यांदा तिनं त्यांना सांगितलं. एवढी मॉड्यूल, कोण कोणाच्या आधी, सगळ्यांच्या वर ती पॅरेंट फाइल. बाबा नीट ऐकत होते, बिघडलेल्या मोटरचा आवाज ऐकावा तसे, मान थोडी कलती करून.

"म्हणजे तो वरचा स्वतः काहीच करत नाही?"

"काहीच नाही. त्याच्यात प्रोग्रॅमची एक ओळ नसते. पोरांना प्रत्येकाला वेगवेगळं लिहायला लागू नये म्हणून तो एकदा लिहून ठेवतो, बस."

"मग त्याला बाप म्हणतात ते बरोबरच आहे," बाबा म्हणाले आणि दुसरा हात पुढे केला.

संध्याकाळी साडेपाचला तिला एकदम आठवण झाली आणि तिनं बाहेरच्या व्हरांड्यात जाऊन मास्तरांना फोन लावला होता. ते संभाषण शब्दन्शब्द तिच्या लक्षात होतं, पण चौदा वर्षं चुकीच्या खणात ठेवलेलं. मास्तर, मी ते व्हर्जन चढवून तशीच निघाले, पाचचा बिल्ड झाला का, असं तिनं विचारलं होतं. सगळं ठीक आहे, मास्तर म्हणाले होते, तू इकडचं बघू नकोस, बाबा जेवले का? आणि तिनं ठीक आहे म्हणजे ठीक आहे असं धरून फोन ठेवला होता, कारण तिचं काम नेहमी ठीकच असायचं. दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा गेले. तेव्हा नखं स्वच्छ होती, याचं पुढे कितीतरी दिवस तिला उगीच समाधान वाटत राहिलं.

आता बादलीचं. त्या काळी ऑफिसात एक लाल प्लॅस्टिकची बादली होती, साधी, कडीची, फरशी पुसायची. पाचचा बिल्ड मोडला की मशीन सगळ्यांना मेल पाठवी आणि जी फाइल मोडली तिला शेवटचा हात कोणाचा लागला त्याचं नाव त्यात असे. मग बादली वाजतगाजत त्याच्या टेबलावर यायची आणि पुढचा कोणी बिल्ड मोडेपर्यंत तिथेच राहायची. कोणी आधीच्याचा बदल मागे घेतला, तर त्याचीही मेल जायची, नावानिशी. त्यामुळे लपवायला जागा नव्हती. तिच्या टेबलावर ती बादली एकोणीस वर्षांत कधीही आली नव्हती. हे ती कोणाला सांगत नसे, कारण सांगायची गरजच नव्हती, नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात दुसरं कोणीतरी सांगायचं. कपाटावर धूळ खात पडलेल्या त्या बादलीकडे येताजाता बघताना तिला नेहमी थोडं बरं वाटायचं, आणि हे तिनं आज पहिल्यांदा स्वतःशी कबूल केलं.

यादीच्या शेवटी बाविसावं मॉड्यूल होतं, आहार. त्यात मास्तरांचं नाव दोनदा होतं. चार अठ्ठावन्नला त्यांनी व्हर्जन तेहेतीस लिहिलं होतं. तेहेतीस नावाचं व्हर्जन जगात कधी नव्हतं. पाच वीसला ते तीन केलं होतं. दोन्हीकडे किरकोळ. पाचचा बिल्ड आहारपाशी मोडला असणार, मेलमध्ये मास्तरांचं नाव गेलं असणार. पंधरा दिवसांनी ती कामावर आली, चेहरा सुजलेला, कोणी काही विचारू नये म्हणून मान खाली, तेव्हा बादली मास्तरांच्या टेबलावर होती. मास्तर, ज्यांच्या पोटी चूक म्हणून जन्मत नाही असं सगळे म्हणत, ते त्या लाल बादलीशेजारी अवघडून बसले होते आणि तिला फिस्सकन हसू फुटलं होतं. तुम्हीसुद्धा, मास्तर? असं ती म्हणाली होती. होतं कधीकधी, असं ते म्हणाले होते. साडेपाचला फोन केला तेव्हा त्यांचं शेवटचं फाइलीतलं काम संपून दहाच मिनिटं झाली होती. दुपारभर त्या माणसानं बावीस फाइली एकेक करून उघडल्या, तिचा बदल मागे न घेता, तिच्या नावाला धक्का न लावता, आणि तिला एक फोन केला नाही. एक फोन पुरला असता, असं तिच्या मनात आलं. मास्तरांनी तीन वाजता फोन केला असता तर ती उठून व्हरांड्यात गेली असती, तासभर फाइलींची नावं सांगत उभी राहिली असती, बाबांचा दुसरा हात तसाच राहिला असता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते येऊ दिलं.

दुपारी डबा खाताना टेस्टर समोर येऊन बसला. कोणत्याही गोष्टीवर शंका काढल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नाही, म्हणून ऑफिसनं त्याचं नाव शंकासुर ठेवलं होतं. अकरावं पान ठेवलंयस ना, त्यानं विचारलं, मी खास त्याच्यासाठी पुढच्या रांगेत बसणार आहे. ठेवलंय, ती म्हणाली. खरं तर तिनं ते सकाळपासून तीनदा पुसलं होतं आणि तीनदा परत आणलं होतं. पुसून टाकणं सगळ्यात सोपं होतं. मास्तर येतील, चहा पितील, जातील, कोणाला काही कळणार नाही, कारण नवी रचना आली की जुना संग्रह कुलपात जाणार होता. बाहेर गाठून एकट्यालाच आभार मानणंही जमण्यासारखं होतं. पण हसली ती सगळ्यांसमोर होती. आणि दुसरं, हे तिला पोळीचा तुकडा हातात धरून नीटच कळत होतं, की सगळ्यांसमोर सांगायचं म्हणजे 'हिचा बिल्ड कधी मोडला नाही' हे जे तिनं एकोणीस वर्षं जपलं, ते स्वतःच्या हातानं मोडायचं. ते जाताना दुखणार होतं. ते तिचं नव्हतंच मुळी, तरी दुखणार होतं. शंकासुरानं विचारलं, आज जेवत का नाहीयेस? तिनं डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाली, भूक आहे, पण नंतर.

मास्तर तीनला पाच कमी असताना आले. थोडे वाळले होते, शर्ट मात्र तसाच, खिशाला दोन पेनं. तिला बघून त्यांनी नुसतं कसं काय विचारलं आणि मागच्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसले, मध्येच उठावं लागलं तर कोणाला त्रास नको म्हणून. मोठ्या बाई दोन शब्द बोलल्या. मग ती उभी राहिली. पहिली दहा पानं कशी गेली ते तिला कळलं नाही, चौसष्टाची चाळीस कशी होणार ते ती झोपेतही सांगू शकली असती. अकरावं पान पडद्यावर आलं आणि बावीस ओळी दिसताच खसखस पिकली. शंकासुर मागे वळून मास्तरांकडे बघून आधीच हसायला लागला होता. मास्तरही तयारीनं हसले, रुमाल शोधायला त्यांचा हात खिशाकडे गेला.

"ही खोड मास्तरांची नाही," ती म्हणाली. "माझी आहे."

तिला वाटलं होतं आवाज फुटेल, पण तो साधाच निघाला. तिनं सगळं ओळीनं सांगितलं. अकरा चाळीस, चाचणी घेतली असं खोटं लिहिलं ते, फोन, मग दोन वाजल्यापासूनचे बावीस बदल, चार अठ्ठावन्न, पाच वीस. नखांचं सांगायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, पण तेही सांगून झालं. तेव्हा बादली माझी होती, ती म्हणाली, आणि मी मास्तरांवर हसले, नुसती एकदा नाही, दरवर्षी हसत आले, आणि ते ऐकून घेत आले. मोठ्या बाई चष्मा काढून हातात धरून बसल्या होत्या.

शंका काढणारच तो. "पण ते तेहेतीस," शंकासुर हळूच म्हणाला, "ते घाईत चुकून पडलं, की मुद्दाम?"

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. मास्तरांना हे आवडलं नसावं. खुर्चीत सरकून त्यांनी पेनांवरून हात फिरवला.

"मला काही आठवत नाही बुवा," ते म्हणाले. "खरंच. तेव्हा कोणाचं ना कोणाचं काहीतरी असायचंच. ओळी नंतर काढायच्या होत्या, राहून गेल्या." ते थांबले. संपलं असं वाटून मोठ्या बाई उठायला लागल्या, तेव्हा ते पुन्हा बोलले, फक्त तिच्याकडे बघून. "बादली मात्र आठवते. तू आलीस, ती माझ्या टेबलावर बघितलीस आणि हसलीस. म्हटलं, वडील गेल्यापासून पहिल्यांदाच हसली असेल पोरगी. म्हणून आणखी महिनाभर ठेवून घेतली. मध्ये दोघांनी बिल्ड मोडला. मागायला आले होते, दिली नाही."

बैठक संपली तेव्हा सगळे चहाकडे जरा जास्तच घाईनं गेले. ती चहाला गेली नाही. खुर्चीवर चढून तिनं कपाटावरची बादली काढली, आतली धूळ ओल्या फडक्यानं पुसली आणि आपल्या टेबलावर, पडद्याच्या शेजारी, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. शंकासुर कप घेऊन लांबून बघत होता. तो जवळ आला, कडी एकदा टणकन वाजवली, रिवाज म्हणून, आणि निघून गेला. तिला फार हलकं वाटत होतं.

मास्तर निरोप घ्यायला आले ते शेजारची खुर्ची ओढून बसलेच. पाचला वीस मिनिटं होती. एका आज्ञेत बावीसही ओळी उडवता आल्या असत्या, पण तिनं एकेक फाइल उघडली, एकेक ओळ काढली. वॉर्ड, औषधं, रक्तपेढी. मास्तर नावं वाचत होते आणि अधूनमधून, हे अजून आहे का, एवढंच म्हणत होते. आहारची ओळ गेली आणि कारण लिहायची रिकामी जागा समोर आली.

"किरकोळ लिही," मास्तर म्हणाले.

मास्तरांचं न ऐकण्याची ही तिची पहिलीच वेळ. तिनं लिहिलं: 'चौदा वर्षांपूर्वी सगळी चाचणी न घेता घेतली असं लिहून मी निघून गेले. मास्तरांनी या बावीस फाइली सांभाळल्या, म्हणून मला बाबांजवळ एक अख्खी दुपार मिळाली. आता या ओळींची गरज नाही. आभारी आहे.' हे आता नव्या संग्रहात जाणार होतं, कुलपाच्या या बाजूला. पुढे कधी कोणाला आहार मॉड्यूलमध्ये काही अडलं आणि त्यानं इतिहास मागितला, तर हेच पहिलं दिसणार होतं. मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवून, पडद्याला नाक लावून ते वाचलं. मग मागे टेकले, बादलीच्या कडीला बोट लावलं आणि तिच्याकडे न बघता विचारलं,

"या वेळी चाचणी घेतलीस ना?"

"घेतेय," ती म्हणाली. "सगळ्या चौसष्टांची. बसा, वेळ लागेल."

मास्तर बसून राहिले. तिनं बटण दाबलं आणि यादी वर सरकायला लागली, सर्वांत आधी 'मापे'.